आयप्टेशिया, चुना आणि पाठीवर कुबड असलेली कोळंबी : माझा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मी कोरडे, निर्जीव दगड घेतले होते. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड घ्यायचाच नाही असं पक्कं होतं. तरी बिनबोलावलेले पाहुणे आलेच. एका मित्राने मोठ्या प्रेमाने कीटो शेवाळाचा पुंजका दिला, त्यातून.

रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला की सगळी वस्ती दिसते. काचेवर तुरुतुरु पळणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड, दगडाच्या फटीत केसाळ ब्रिसल वर्म. हे बघून घाबरून टाकी रिकामी करणारे लोक मला माहीत आहेत. कृपा करून तसं करू नका. कोपेपॉड हे माशांचं खाद्य, आणि ब्रिसल वर्म बहुतेक वेळा उरलेलं अन्न खाऊन टाकी साफच ठेवतात. फक्त त्यांना बोटाने धरायचं नाही, केस कातडीत रुततात. रुतलेच तर चिकटपट्टी लावून उपटायचे.

खरा त्रास दिला तो आयप्टेशियाने. काचेसारखं तपकिरी, नाजूक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा डंख मारणारा प्राणी. पहिलं दिसतं तेव्हा सुंदरच वाटतं. पण ते ओरबाडून काढायला जाल तर तळाचा जो तुकडा दगडावर राहील त्यातून नवं उगवतं. इतक्या सहज वाढतं म्हणूनच प्रवाळ आणि त्यांच्यातल्या शैवालाचं नातं अभ्यासायला शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हेच पाळतात. माझ्या टाकीत मात्र ते शंखांना आणि तळाशी बसणाऱ्या गोबी माशाला डंख मारत होतं.

यावर उपाय पेपरमिंट श्रिम्प, म्हणजे आयप्टेशिया खाणारी एक कोळंबी, हे वाचून मी दुकान गाठलं, आणि तिथेच सगळं अडलं. “पुढच्या आठवड्यात माल येतोय” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! प्रत्येक वेळी लोकलने जायचं, आणि हात हलवत परत यायचं. शेवटी माल आला. पिशवी उजेडात धरली तर कोळंबीच्या पाठीला ठळक कुबड, अंगावर लाल-पांढरी नक्षी. ही कॅमल श्रिम्प! मी म्हटलं, “दादा, ही ती नाही.” तर उत्तर, “एकच असते हो, सगळे हीच नेतात.” एकच नसते. पेपरमिंटचं अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर लांबट लाल रेघा, आणि पाठीवर असं कुबड नाही. ती अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याकडची, कॅमल हिंदी-प्रशांत महासागरातली. कॅमल आयप्टेशिया खाईल याचा भरवसा नाही, उलट ती मऊ प्रवाळ कुरतडते. ज्यांनी विश्वासाने ती नेली त्यांचे पैसे वाया गेले याचा मला आजही राग येतो. मी पिशवी तिथेच परत दिली आणि पैसेही घेतले, याचं समाधान आहे.

दरम्यान हात बांधून बसलो नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच, आरओच्या पाण्यात दह्याइतका दाट कालवला. पानाचा चुना वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. पंप बंद करायचे, सिरिंजने हळूच आयप्टेशियाच्या तोंडावर थर द्यायचा. सावली पडली तरी ते आत ओढून घेतं, म्हणून बाजूने जायचं. एका वेळी दोन-तीनच, कारण चुन्याने पीएच झपाट्याने चढतो. हातमोजे घाला, हे आधीच सांगायला हवं होतं.

मोठी चुन्याने गेली, फटीतली बारीक पिल्लं राहिली. ती शेवटी दुसऱ्या शहरातून मागवलेल्या खऱ्या पेपरमिंटनी खाल्ली. त्यांना आणल्यावर माशांचं खाणं थोडं कमी ठेवा, पोट भरलेली कोळंबी आयप्टेशियाकडे बघतही नाही. आणि त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर आधी तपासून घ्या, कोळंबीला तांबं सोसत नाही.

मागवताना दुकानदाराकडून फोटो घ्या, तोही बाजूने काढलेला. वरून काढलेल्या फोटोत कुबड दिसत नाही.