साल्हेर जरूर करा. युवकांचा गट सालोट्यावर नेण्यापूर्वी मात्र हे वाचा

नाशिकहून साल्हेर–सालोटा या शेजारशेजारच्या डोंगरी किल्ल्यांवर युवकांचा गट घेऊन जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच सालोटा करायचा की नाही, हे ठरवावे. दोन्हींमधल्या खिंडीत उभे राहून, मुलांचा उत्साह पाहून ते ठरवू नये. आमच्या वसाहतीतील पंधरा ते वीस वयोगटातील मुले-मुली डिसेंबरात तिकडे गेली आणि पालकांच्या वतीने मी त्यांच्याबरोबर गेले. आयोजकांच्या माहितीपत्रकात सालोट्यापुढे ‘सोपी श्रेणी, खिंडीपासून पाऊण तास’ असे छापलेले होते. चढाईचा वेळ साधारण तेवढाच लागला, पण श्रेणी साफ चुकीची होती, आणि उतरायला किती वेळ लागतो याचा तर पत्रकात उल्लेखच नव्हता.

नाशिकजवळचे ब्रह्मगिरी, अंजनेरी किंवा रामशेज ज्यांना फारसे न दमता जमते आणि ज्यांच्याकडे पकड असलेले बूट आहेत, अशांसाठी मी हे लिहीत आहे. नाशिक, पिंपळगाव, सोग्रस फाटा, भावडबारीचा घाट, देवळा, सटाणा, ताहाराबाद आणि मुल्हेर असा रस्ता आहे. सटाण्यापर्यंत एसटी मिळते. पुढच्या गाड्यांवर गटाने अवलंबून राहू नये. पहिल्या दिवशी मुल्हेर किल्ला पाहिला. तो दिवस सुखाचा गेला आणि त्याविषयी सावध करण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाघांबे गावातून निघालो. गावातून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत येणारी वाट दमवणारी असली तरी सरळ आहे. खिंडीत एका बाजूला साल्हेरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला सालोट्याचा सुळक्यासारखा निमुळता माथा. सालोट्याची वाट आधी डोंगराला बिलगून आडवी जाते आणि मग कोरीव दरवाजांकडे वर चढते. हा आडवा टप्पा आणि त्यानंतरचा तुटक्या पायऱ्यांचा चढ, हीच सगळी अडचण आहे.

सह्याद्रीच्या या भागात कठीण बेसॉल्टचे थर आणि त्यांच्यामध्ये ठिसूळ, झिजणारे थर एकावर एक आहेत. कठीण थरांचे सरळ कडे उभे राहतात आणि ठिसूळ थरांचा चुरा होऊन तिरक्या उतारावर मुरमाचा घसारा साचतो. पावसाळ्यात हा मुरूम ओला आणि गवताने बांधलेला असतो. डिसेंबरात गवत वाळते, मुरूम सुटा होतो आणि पाऊल टाकले की बुटाखालून छर्ऱ्यांसारखा निसटतो. वाट दरीच्या बाजूला कललेली आहे आणि धरायला वाळक्या गवताखेरीज काही नाही. चढताना शरीराचा भार डोंगराकडे असतो, नजर वर असते आणि भीती वाटत नाही. तीच वाट उतरताना दरी सतत समोर दिसते, भार टाचेवर येतो आणि टाच निसटते. चढाईत सर्वांत पुढे असलेली दोन मुले उतरताना जागच्या जागी बसली आणि बराच वेळ उठेनात. त्यांच्यात ताकदीची कमतरता नव्हती. अशा उताराची सवय त्यांना कोणी आधी दिलेलीच नव्हती.

आयोजकांच्या प्रमुखाने अशा वेळी सर्वांना एकमेकांचे हात धरून साखळी करायला सांगितले. घसाऱ्यावर साखळी कधीही करू नये. एकाचा पाय सुटला की तो शेजारच्या दोघांना ओढतो, आणि हात अडकलेले असल्यामुळे कोणालाच स्वतःला सावरता येत नाही. आम्ही काहीजणांनी ती साखळी तिथेच मोडायला लावली आणि एका वेळी एकच जण, मधला टप्पा पूर्ण मोकळा झाल्यावरच पुढचा, अशी शिस्त लावली. वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेले दगड खालच्याच्या डोक्यावर येतात, म्हणून मधले अंतर ही केवळ सोय नाही. ही शिस्त लागल्यावर सर्वजण सुखरूप उतरले, पण पाऊण तासाच्या चढाईला उतरताना जवळजवळ तीन तास लागले.

माझा सर्वांत मोठा आक्षेप पैशांविषयी आहे. ‘तांत्रिक साहित्य व सुरक्षा’ या नावाने प्रत्येक मुलाकडून तीनशे रुपये वेगळे घेतले होते. प्रत्यक्षात संपूर्ण गटासाठी एकच आखूड दोर आला होता. शिरस्त्राण एकही नव्हते, कमरेचे हार्नेसही नव्हते, आणि दोर कोठे व कसा बांधायचा हे जाणणारा एकच तरुण होता. त्याने दोर किल्ल्याच्या दरवाजाच्या कोरीव चौकटीला बांधायला घेतला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. शेकडो वर्षांची ती चौकट दोराच्या घर्षणाने झिजते हा एक भाग, आणि ती माणसाचा भार पेलेल की नाही हे कोणालाही ठाऊक नसते, हा दुसरा. न आणलेल्या साहित्याचे पैसे मुलांच्या पालकांकडून घेणे ही फसवणूक आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिक आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. पैसे भरण्यापूर्वी ते प्रमाणपत्र मागावे आणि न मिळाल्यास दुसरा आयोजक शोधावा. त्याबरोबर दोरांची लांबी व संख्या, शिरस्त्राणांची संख्या आणि दोर लावणाऱ्या प्रशिक्षित माणसांची संख्या लेखी घ्यावी. सालोट्यासाठी गट बारापेक्षा मोठा नसावा आणि त्यात दोर लावता येणारी किमान दोन माणसे असावीत, एक पुढे आणि एक मागे. एवढे जमत नसेल, तर सालोटा खिंडीतूनच पाहावा.

साल्हेरविषयी मात्र मला वेगळेच सांगायचे आहे. उशीर झाला होता, पाय थरथरत होते आणि तरीही कोरीव पायऱ्या, एकामागून एक येणारे दरवाजे आणि कड्याला लगटून जाणारी गुहांची वाट पार करून आम्ही माचीवर पोहोचलो, तेव्हा सकाळपासून गप्प झालेली मुले पुन्हा बोलू लागली. गंगासागर तलावाजवळ थोडे थांबून परशुराम मंदिराच्या टोकावर गेलो. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. कळसूबाईखेरीज याहून उंच शिखर राज्यात नाही. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा आहे. १६७२ साली याच किल्ल्याच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला आणि सूर्यराव काकडे तेथे धारातीर्थी पडले. हे वर्गात वाचलेल्या मुलांना वरून ते मैदान पाहताना जे वाटले, ते पाहून मी स्वतः सगळा थकवा विसरले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून साल्हेरची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली आहे, त्यामुळे येथे येणारे गट वाढतील. त्यांनी पूर्ण दिवस एकट्या साल्हेरला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पाणी वाघांबेतूनच प्रत्येकी तीन लिटर घ्यावे. सालोट्याच्या टाक्यांतील पाणी आम्ही पिण्यासाठी वापरले नाही, आणि तलावाचे पाणी गाळून व उकळूनच घ्यावे.

उतरण्यासाठी साल्हेरवाडीची वाट धरली. ही वाटही दरवाजांमधून जाते, मळलेली आहे आणि सालोट्यानंतर तिचे कौतुक वाटते. पण गाडी वाघांबेला उभी असेल तर खाली अडचण होते. दोन्ही गावे रस्त्याने काही किलोमीटरच दूर असली, तरी अंधार पडल्यावर एका जीपवाल्याने माणशी शंभर रुपये मागितले आणि दुसरी सोय नसल्यामुळे ते द्यावे लागले. स्वतःची गाडी असल्यास चालकाला सकाळीच साल्हेरवाडीला जाऊन थांबायला सांगावे, आणि नसल्यास जीपचे भाडे आदल्या संध्याकाळी, गटाची संख्या सांगून, एकरकमी ठरवून घ्यावे. खिंडीतून साल्हेरकडे वळण्याची शेवटची वेळ दुपारी बारा धरावी; त्यानंतर खिंडीत पोहोचलेल्या गटाने वाघांबेलाच परत उतरावे.