तीस तुकड्यांचा गोळा

थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, तेव्हापासून आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरी गणपतीच्या आरासीचा विषय दरवर्षी नव्याने निघतो. साड्यांचे पडदे लावून झाले, झेंडूच्या माळा झाल्या. गेल्या वर्षी मी कागदी गोळ्यांची माळ करायची ठरवली. चौकोनी कागदांचे एकसारखे तुकडे दुमडायचे आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात सारत जायचं. डिंकाचं बोट कुठे लावायचं नाही. ओरिगामीतला, म्हणजे कागद दुमडण्याच्या कलेतला हा तुकडा जपानच्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखला जातो. सहा तुकड्यांचा ठोकळा होतो, बारा तुकड्यांचा आठ सुळक्यांचा तारा आणि तीस तुकड्यांचा वीस सुळक्यांचा गोळा. मला गोळा हवा होता.

असल्या कामाला कलाकाराचा हात लागतो असं सगळे म्हणतात. माझं मत आता वेगळं आहे. याला लागतो तो वर्कशॉपमधला हात, आणि तो आमच्या घरात होता. माझे सासरे, आबा, उद्यमनगरात लेथवर जन्म काढलेले. मी दुकानातून रंगीत चौकोनांचं पाकीट आणलं होतं. त्यांनी त्यातले दहा-बारा कागद एकावर एक ठेवून टेबलावर ठोकले, मग त्यातले निम्मे आडवे फिरवून गठ्ठा परत ठोकला. कडा वरखाली.

"हे चौकोन न्हाईत पोरी. एका बाजूनं दीड-दोन एमेम जास्त हाईत. ह्यातनं जॉब एकसारखा निघायचा न्हाई."

एका तुकड्यात दोन मिलिमीटर काही वाटत नाहीत. पण प्रत्येक तुकडा चार शेजाऱ्यांत अडकतो, दोघांत याची टोकं आणि दोघांची टोकं याच्या खिशात. तिसाव्या तुकड्यापर्यंत तो फरक साठत जातो आणि गोळा मिटतच नाही. पाकीट भाचरांना खेळायला दिलं.

मग साधे रंगीत ए-फोर कागद आणले, ८० जीएसएमचे, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीचे. घोटीव कागद दिसायला झकास, पण गुळगुळीत असल्यामुळे टोक खिशातून सटकतं. कार्डशीट घडीवर फुटतं. पतंगाच्या कागदाला तर अंगच नाही. झेरॉक्सच्या कागदाला थोडा खरखरीतपणा असतो, आणि गोळा टिकतो तो त्याच्यावरच. ए-फोर म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर, म्हणजे सात सेंटीमीटरचे बारा चौकोन निघतात आणि एका टोकाला पावणेदोन सेंटीमीटरची पट्टी उरते. एका गोळ्याला तीन रंगांचे दहा-दहा तुकडे लागतात. रंगाला एक कागद, वर दोन चौकोन शिल्लक. इतका सोयीचा हिशेब घरच्या बजेटात कधी लागत नाही. कापायला कात्री घेतलीच नाही. आबांच्या ओळखीच्या एका प्रेसमध्ये गठ्ठा नेला, मशीनवर कटिंग करून घेतलं.

घडी शब्दांत सांगायला अवघड आहे, हाताला सोपी. चौकोन मधोमध दुमडून उघडायचा. दोन बाजू मधल्या रेषेपर्यंत आणायच्या, उघडायच्या. समोरासमोरचे दोन कोपरे आत घ्यायचे, बाजू परत मिटायच्या. मग एक तिरपी घडी एका टोकाकडून, तशीच दुसरी उलट टोकाकडून, आणि दोन्ही पदर एकमेकांखाली खोचायचे. हातात तिरका चौकोन येतो. त्याची दोन अणकुचीदार टोकं मागे दुमडली की राहतो चौरस, आणि शेवटी त्या चौरसाला कर्णावर उलट बाजूने घडी. नख फिरवून प्रत्येक घडी बसवायची. आबा नखाऐवजी स्टीलच्या पट्टीची कड वापरायचे.

समोरासमोरचे कोपरे कुठले घ्यायचे, खरी मेख तिथे आहे. डावे-उजवे असे दोन प्रकारचे तुकडे होतात, आरशातल्यासारखे, आणि ते एकमेकांत बसत नाहीत. माझी भाची डावखुरी. तिने हौसेने ढीगभर तुकडे दुमडले, अगदी नीटस, पण सगळे उलटे. ती रडकुंडीला आली. आबा म्हणाले, "आटे उलटे हाईत, एवढंच. उलट्या आट्याचाबी नट मिळतोय की." तिच्या तुकड्यांचा तिचाच वेगळा गोळा झाला, फक्त तिच्या तुकड्यांचा. टांगल्यावर कुणाला फरक कळला नाही.

जोडणी मात्र मी कुणाला दिली नाही. तीन तुकडे एकमेकांत घातले की एक सुळका. सुळक्यांच्या मधे जी खोलगट जागा राहते तो खड्डा. असे पाच सुळके एका खड्ड्याभोवती आले पाहिजेत, प्रत्येक वेळी पाच. चुकून चारच घेतले तर ती बाजू आत वळते आणि बाराच्या ताऱ्याच्या वाटेला लागते. मी दर वेळी बोट ठेवून मोजायची. आमच्या सासूबाईंना हे जपासारखं वाटायचं.

रंगांचा नियम एवढाच की प्रत्येक सुळक्यात तिन्ही रंग आले पाहिजेत. ऐकायला सोपं, पण आंधळेपणाने लावत गेलं तर शेवटी एका जागी दोन पिवळे शेजारी येतात आणि निम्मा गोळा उसवावा लागतो. खड्ड्याकडे बघायचं. प्रत्येक खड्ड्यातून पाच तुकडे निघतात. त्यात दोन रंग दोन-दोनदा आणि तिसरा एकदाच येतो. दुसरं काही होऊच शकत नाही, कारण शेजारचे दोन एका रंगाचे नकोत आणि पाच हा आकडा विषम. हे डोक्यात बसल्यावर पुढचा तुकडा कुठल्या रंगाचा, हे बरेचदा आपोआप ठरतं.

अर्ध्यावर गोळा सारखा सुटतो. कपड्यांचे लहान चिमटे लावून धरायचा. शेवटचे दोन-तीन तुकडे घालताना आत बोट जात नाही, तिथे विणकामाची सुई लागते. बंद करायच्या आधी आत काडेपेटीची काडी बांधलेला दोरा सोडायचा आणि एका खड्ड्याच्या मधल्या भोकातून बाहेर काढायचा. सात सेंटीमीटरच्या चौकोनाचा गोळा एका सुळक्यापासून समोरच्या सुळक्यापर्यंत साधारण आठ सेंटीमीटर भरतो.

कोल्हापूरचा पाऊस विसरून चालत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली जातो त्या दिवसांत घरातला कागदसुद्धा मलूल होतो, घडी बसते आणि रात्रीत फुगते. दुमडलेले तुकडे मी पाट्याखाली दाबून मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवत गेले. जोडणी कोरड्या दुपारी. एकदा गोळा मिटला की तो स्वतःला धरून ठेवतो, दमट हवेतही.

गौरीबरोबर आमचा गणपती जातो. माळ उतरवल्यावर गोळे सोडवले. डिंक नसल्यामुळे तुकडे सपाट होऊन एका बिस्किटाच्या डब्यात मावले. आबांना आता नव्वद तुकड्यांचा मोठा गोळा करायचा आहे. त्यात बारा खड्डे पाच सुळक्यांचे आणि वीस खड्डे सहा सुळक्यांचे येतात. रंगाला तीस तुकडे, म्हणजे तीन कागद. प्रेसवाल्याला त्यांनी सांगूनही ठेवलं आहे. रंग कुठले, यावर मात्र सासूबाई आणि त्यांचं अजून जमलेलं नाही.