ख्रिस्ती माणसाने ध्यानाला बसावे का?

“तिकडे जाऊन तू योग आणि ध्यान करायला लागलीस म्हणे, मग रविवारी उपासनेला जातेस की नाही?” अहिल्यानगरहून आत्यांचा फोन आला की हा प्रश्न येतोच. त्यामागे काळजी आहे हे मला कळते. आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास चार पिढ्यांपूर्वी आला आणि तेव्हा नातेवाइकांनी, गावाने काय काय ऐकवले ते आत्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेले आहे. जे सोडून आपण येथवर आलो तेच मुलगी परदेशात जाऊन पुन्हा धरते की काय, ही त्यांची भीती आहे. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

मी लंडनच्या पश्चिम भागात राहते आणि रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर अंग थकलेले असते, पण डोके काही केल्या थांबत नाही. खाटेवरच्या रुग्णांचे चेहरे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. अशा दिवसांत सोबतच्या एका केरळी परिचारिकेने मला आपल्या चर्चमधील ध्यानगटात नेले. सभागृहात गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, मध्ये लहानशा स्टुलावर एक मेणबत्ती आणि उघडे ठेवलेले बायबल, एवढीच मांडणी होती. एका वृद्ध आयरिश बाईंनी शुभवर्तमानातील चार ओळी वाचल्या, छोटी घंटा वाजवली आणि पुढची वीस मिनिटे कोणीही बोलले नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि मनातल्या मनात ‘मारानाथा’ (‘हे आमच्या प्रभू, ये’) हा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी येणारा प्राचीन अरामी शब्द चार सारख्या अक्षरांत, सावकाश, पुन्हा पुन्हा.

ही पद्धत ज्यांनी रुजवली त्या जॉन मेन यांची हकीकत प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने ऐकावी असे मला वाटते. 1950 च्या दशकात ते ब्रिटिश सरकारच्या नोकरीत मलायामध्ये (आजच्या मलेशियात) होते. तेथे अनाथाश्रम चालवणाऱ्या स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू संन्याशांशी त्यांची भेट झाली. स्वामींनी त्यांना ध्यान शिकवले, परंतु धर्म सोडायला सांगितले नाही. तू ख्रिस्ती आहेस, तर ख्रिस्ती मंत्र घे आणि सकाळ-संध्याकाळ बस, असे सांगितले. पुढे 1959 साली मेन माझ्या घरापासून जवळच असलेल्या ईलिंगच्या बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्ट यांच्या कॅथलिक साधुसंघाच्या) मठात दाखल झाले, तेव्हा ही प्रार्थना ख्रिस्ती नव्हे म्हणून ती बंद करण्यास त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते मानले. कित्येक वर्षांनी अमेरिकेत असताना चौथ्या-पाचव्या शतकातील जॉन कॅसियन या साधूचे लेखन त्यांनी नव्याने वाचले. इजिप्तच्या वाळवंटातील साधू स्तोत्र 70 मधील साहाय्याची एकच ओळ दिवसभर मनात घोळवीत असत, असे कॅसियनने लिहून ठेवले आहे. स्वामींनी दाखवलेली वाट आपल्याच चर्चच्या वाडवडिलांनी तुडवलेली होती, हे मेन यांना तेथे सापडले. 1975 साली त्यांनी ईलिंगमध्ये पहिला ध्यानगट सुरू केला आणि 1982 मध्ये त्यांचे निधन झाले. हिंदू संन्याशाने ख्रिस्ती माणसाला त्याच्याच घराकडे परत पाठवावे, यात मला देवाचा हात दिसतो.

योगाचे उत्तर इतके सरळ नाही. येथे ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या वर्गात मी आसने करते. वर्गाच्या सुरुवातीला ओंकार म्हणतात, तेव्हा मी शांत बसते. बाईंना पहिल्याच दिवशी तसे सांगितले आणि त्यांनी आनंदाने मान्य केले. येथील अनेक जण योगाला निव्वळ व्यायाम समजतात. मला ते पटत नाही. तो हिंदू परंपरेतून आलेला आहे आणि पतंजलींनी सांगितलेल्या आठ अंगांपैकी आसन हे केवळ एक आहे. ज्यांची ती साधना आहे त्यांचा मान राखूनच त्यातले घ्यावे. येथील सर्वच चर्चना हे चालते असेही नाही. 2007 साली टाँटन गावातील दोन चर्चनी लहान मुलांच्या योगवर्गाला सभागृह नाकारले होते.

याबाबतीत मला सर्वांत उपयोगी पडले ते व्हॅटिकनने 1989 साली बिशपांना पाठवलेले, कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीचे पत्र. मी प्रोटेस्टंट मंडळीतली असले तरी ते मला मोलाचे वाटते. पूर्वेकडील पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकारू नयेत, असे ते सांगते. त्याचबरोबर काही शारीरिक क्रियांनी आपोआप जी स्वस्थता येते तिला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असेही बजावते. शवासनात माझा श्वास संथ होतो, खांदे सैल पडतात, घरी जाऊन झोप लागते. ही शरीराची विश्रांती आहे आणि तिच्याबद्दल मी देवाचे आभार मानते. प्रार्थना मात्र कित्येकदा अस्वस्थच असते. ध्यानाला बसल्यावर आदल्या रात्री दगावलेला रुग्ण आठवतो आणि डोळे भरून येतात. त्या दिवशी शांती मिळाली नाही म्हणून बसणे वाया गेले, असे मी मानत नाही.

आत्या, आपल्याकडे हे अगदीच परके आहे का? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवले आणि त्यांचे अभंग आपण टाळ घेऊन म्हणतोच. मुंबईत जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक संघातील फादर अँथनी डिमेलो पुण्यात श्वासाकडे लक्ष देण्यापासून प्रार्थना शिकवीत असत. त्यांच्या काही मतांवर 1998 साली व्हॅटिकनने आक्षेप घेतला, तोही वाचावा. पण गप्प बसून देवापुढे राहण्याची त्यांची शिकवण मला मनापासून पटते.

आपल्या पाळकसाहेबांना माझी एक विनंती सांगाल का? बुधवारच्या प्रार्थनासभेत गीते आणि विनंत्या झाल्यावर दिवे तसेच ठेवून, एक वचन वाचून, दहा मिनिटे सर्वांनी न बोलता बसावे. नाताळला मी घरी येईन तेव्हा त्या सभेला तुमच्याबरोबर येईन.