कितवा दिवस?

अथणी तालुक्यातील एका रस्त्याच्या डांबरीकरणावर मी देखरेख करीत होतो, तेव्हाच्या एप्रिलमधील ही घटना आहे. टोळीतील बहुतेक गडी अथणी-रायबाग भागातले होते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेला एक तरुण मात्र नवा होता. जिल्हा एकच असला, तरी जांबोटी-कणकुंबीकडचा उन्हाळा वेगळा आणि कृष्णाकाठच्या उघड्या माळावरचा वेगळा, हे बेळगावात वाढलेल्या मला ठाऊक होते. तरीही दुसऱ्याच दिवशी मी त्याला पेव्हरच्या, म्हणजे गरम डांबरी खडी पसरणाऱ्या यंत्राच्या, मागे दाताळे घेऊन उभे केले, कारण तो अंगाने दणकट होता आणि कशालाच नाही म्हणत नव्हता.

डांबर लावलेली खडी प्लांटवरून निघते तेव्हा तिचे तापमान 150 अंशांच्या आसपास असते आणि ती निवण्याआधी पसरून तिच्यावर रोलर फिरवावा लागतो. त्यामुळे भरलेले टिपर एकदा निघाले की काम मध्येच थांबवता येत नाही. फोनवर त्या दुपारी 41 अंश दिसत होते, पण तो आकडा सावलीतला. पेव्हरमागच्या माणसाला खालून येणारी धग त्यात धरलेली नसते. पिण्याच्या पाण्याची सोय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि आमच्याकडे पाण्याचे जार होतेही. मात्र ते जीपमध्ये होते, जीप लिंबाखाली होती आणि पेव्हर पुढे सरकत तिच्यापासून दीडएकशे पावलांवर गेला होता. मुकादमाच्या देखत काम टाकून नवा पोरगा तेवढे मागे जाणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

साडेबाराच्या सुमारास तो दाताळे उलटे धरून माल ओढत असल्याचे रोलरवाल्या मामांना दिसले. हाक मारली तेव्हा आमच्याकडे न पाहताच तो म्हणाला, "पाऊस आला, गुरं आत घ्या." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. एकदोघे हसलेही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलंडला.

मी कपाळाला हात लावला तर अंग भाजत होते, पण सदरा घामाने चिंब होता. ऊन लागलेल्या माणसाचा घाम आटतो, एवढेच मी ऐकून होतो, म्हणून चक्कर आली असेल अशी मी स्वतःची समजूत घालू लागलो. मुकादम तापाची गोळी शोधू लागला, दुसऱ्याने त्याच्या तोंडाला तांब्या लावला. मामांनी तो तांब्या हिसकावून घेतला. "शुद्धीत नाही तो, घशात पाणी अडकेल!" असे म्हणत ते रोलरच्या पाण्याच्या टँकरकडे वळून कानडीत ओरडले, "नीर हाक्री, नीर हाक्री!" म्हणजे पाणी ओता. आम्ही त्याला उचलून टँकरच्या सावलीत नेले, सदरा आणि गमबूट काढले आणि नळी थेट अंगावर सोडली. पाणी कोमटच होते, पण दोघेजण खोक्यांच्या पुठ्ठ्यांनी सतत वारा घालत होते आणि ओल्या अंगावरून वारा गेला की कोमट पाणीही उष्णता ओढून नेते. चहाच्या टपरीवरून आणलेला बर्फ फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघांत ठेवला. 108 ला फोन केला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत नळी बंद करू दिली नाही.

रुग्णालयात पोचल्यावरही ताप 103 फॅरनहाइट भरला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा नव्हता. त्यांनी विचारले, "कामाचा कितवा दिवस?" "दुसरा," मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि उष्माघात पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो, हे त्यांनी नंतर सांगितले. अंगमेहनत करणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा घाम चालू असू शकतो. बरळणे हीच खरी खूण. तापाच्या गोळीचा यात उपयोग नसतो. त्यातच आदल्या रात्री पत्र्याच्या शेडमध्ये त्याला झोप लागली नव्हती, हे शेजारी झोपणाऱ्याने मला संध्याकाळी सांगितले.

पाचव्या दिवशी त्याचे वडील त्याला गावी घेऊन गेले. आम्ही काम पहाटे साडेपाचला सुरू करू लागलो आणि शेवटचा टिपर अकराच्या आत रिकामा होईल अशा बेताने प्लांटला माल सांगू लागलो. त्यातून दुसरीच अडचण निघाली. टिपरवाले आता रात्री तीनला उठू लागले आणि परतीच्या वाटेवर त्यांच्यापैकी एकाचा डोळा लागून गाडी बाजूपट्टीवर उतरली. सुदैवाने शेतात ऊस नुकताच तोडलेला होता आणि माणूस कोणी नव्हते. तेव्हापासून दर गाडीला दोन चालक ठेवून आळीपाळीने झोप मिळेल असे पाहिले आणि टायरची हवा पहाटे, टायर थंड असतानाच तपासायची, असे ठरवले; दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून चालक हवा सोडतात आणि कमी हवेचा टायर पुढे आणखीच तापतो.

हजेरीपटात मी नव्या माणसाच्या नावापुढे लाल शाईने कितवा दिवस ते लिहितो. पहिल्या दिवशी धगीच्या कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढीच वाढ, आणि उरलेला वेळ सावलीतले काम. हजेरी मात्र पूर्ण. यावरून मुकादमाचे आणि माझे अजून दर उन्हाळ्यात वाजते.