कुलाबा जिल्ह्याचा शिपाई

लालबागचे काका-पुतणे माझ्याकडे दोन वस्तू घेऊन आले: सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची कांस्याची तबकडी आणि कडी तुटलेलं चांदीचं पदक. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मात गेले आणि तिकडेच वारले, असं घरात सांगत आले होते.

तबकडी पाहताच बर्मा बाद झाला. तिच्यावर त्रिशूळ धरलेली बाई आणि सिंह असतो. घरच्यांनी तिला देवी मानून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, म्हणून खाचांत कुंकू भरलेलं. ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देशाचं स्त्रीरूपातलं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ही तबकडी मिळायची. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा नाही, पलटण नाही. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच, पण शोधणाऱ्याची पंचाईत करणारा.

खरी माहिती पदकाच्या कडेवर असते. चांदीचं पदक १९१४-१८चं, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बहुतेक घरांत चांदी सोनाराकडे जाते आणि त्याच युद्धाचं दुसरं, कांस्याचं विजयपदक उरतं. इथे उलटं झालं होतं. हेच घोडेस्वाराचं पदक कांस्याचं असतं, तर मी लढाऊ पलटणींऐवजी आधी मजूर दलांकडे वळले असते, कारण कांस्याचं त्यांना मिळायचं.

पण दर दसऱ्याला चिंच आणि भांड्यांची पावडर लावून घासल्यामुळे कड गुळगुळीत झाली होती. अशा वेळी दिवा समोरून धरायचा नाही. खोलीत अंधार करायचा, मोबाइलची टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून तिरपी धरायची आणि पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढायचे. सावलीत अक्षरं उठतात. ‘११० मराठा’ स्पष्ट दिसलं. चार आकडी नंबरातला तिसरा आकडा ३ की ८, ते कळेना.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत लोक आधी नाव टाकतात आणि तिथेच अडकतात. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. पवारांची स्पेलिंगंच दोन-तीन. शिवाय फौजेत आडनाव मोरे आणि मुंबईच्या गिरणीत गावावरून ‘कर’, अशी घरं कोकणात कितीतरी. म्हणून नावाचा रकाना कोरा ठेवायचा. पहिलं महायुद्ध, भारतीय सैन्य, ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री एवढंच निवडायचं, आलेली यादी एक्सेलमध्ये उतरवायची आणि नंबराने गाळायची. पलटण सोडून नुसता नंबर शोधण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरते असत आणि एकच नंबर अनेकांचा असे.

तिसरा आकडा ८ धरला तेव्हा एकच माणूस उरला. स्मारक इराकमधल्या बसऱ्याचं, वडिलांचं नाव जुळणारं, गाव महाड तालुक्यातलं, जिल्हा कुलाबा.

पुतण्या म्हणाला, “ही नोंद आम्हाला आधीच सापडली होती. पण मॅडम, कुलाब्याला आमचं कोणीच नव्हतं, म्हणून सोडून दिली.”

मुंबईकराला कुलाबा म्हटलं की कॉजवे आठवणारच. पण आजचा रायगड १९८१पर्यंत कुलाबा जिल्हाच होता आणि महाड त्यातच. सिंधुदुर्गवाल्यांनी असंच रत्नागिरी जिल्ह्यात शोधावं. काकांना हे लगेच पटलं. जुन्या सातबाऱ्यावर त्यांनी ‘जिल्हा कुलाबा’ वाचलं होतं.

मृत्यूची तारीख १९१६च्या ऑक्टोबरातली. ११०वी पलटण इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. तेव्हा हे कैदेत वारले, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं लिहू नये. वेढा पडल्यावर आलेली कुमक आत पोचूच शकली नाही. ती माणसं बाहेरच्या फौजेत राहिली आणि कागदावर त्यांची पलटण तीच. रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या कैद्यांच्या नोंदी ऑनलाइन फुकट पाहता येतात, पण त्या नावानुसार लावलेल्या, म्हणजे पुन्हा स्पेलिंगचा घोळ. अहवालात मी ‘कैदेत की बाहेर, अनिर्णित’ असंच लिहिलं.

काकांना बसऱ्याला जाऊन दगडावरचं नाव बघायचं होतं. ते तिथे नाही. भारतीय अधिकाऱ्यांहून खालच्या हुद्द्याच्या शिपायांची फक्त संख्या पलटणीखाली कोरली गेली, नावं नोंदवहीत राहिली. स्मारकही १९९७ साली मूळ जागेवरून बत्तीस किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत हलवलं गेलं. हे ऐकून काका चिडले आणि चिडण्यासारखंच आहे.

पुढचं काम कमिशनच्या नोंदीतली आडनावाची स्पेलिंग दुरुस्त करून घेण्याचं. त्याला त्या काळातला पुरावा लागतो; पणतूचं आधार कार्ड चालत नाही. अर्जाला कडेचे फोटो आणि तबकडीचा फोटो जोडला, कारण तबकडीवर पूर्ण नाव शाबूत आहे. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला वेगळं पत्र पाठवलं. त्यात ‘११०वी’सोबत १९२२नंतरचं नाव, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, हेही लिहिलं. आणि पदक आता घासायचं नाही, हे काकांकडून कबूल करून घेतलं.