दोन पासपोर्टची पोरगी आणि चेक-इनवाला

साताऱ्यात मजा आली, हुरडा झाला, एक लग्न झालं, कंदी पेढ्यांनी बॅगांचं वजन वाढवलं, ते सगळं परत कधीतरी. आज लिहायचंय मुंबई विमानतळावरच्या चेक-इन काउंटरबद्दल, कारण डोकं अजून गरम आहे.

आमची लेक जन्मली न्यू जर्सीत म्हणून अमेरिकन, मग आम्ही टोरंटोला आलो आणि आमच्याबरोबर तीही कॅनेडियन झाली. तिचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) अमेरिकन पासपोर्टवर काढलेलं, त्यामुळे भारतात उतरताना तोच दाखवला. परतीला काउंटरवर मात्र कॅनेडियन पुढे केला, कारण विमान कंपनीला एवढंच बघायचं असतं की ह्या प्रवाशाला तिकडे आत घेतील का नाही.

तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, "मॅडम, इंडियात दोन पासपोर्ट अलाउड नाहीत." अरे बाबा, ते भारतीय नागरिकाला! 1955 च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही हे खरंय, पण ही भारतीय नागरिक आहेच कुठे, ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसाच जवळजवळ. मग त्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. अमेरिकनवर नुसतं नाव-आडनाव, कॅनेडियनवर मधे बापाचं नाव, आपल्याकडे असतं तसं. "ही सेम मुलगी कशावरून?" पोरगी समोर उभी, जन्मतारीख तीच, गालावरचा तीळसुद्धा तोच! मागे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय, लोक माझ्याकडेच रागाने बघतायत. शेवटी त्याचे साहेब आले, स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि बोर्डिंग पास हातात. सॉरी वगैरे काही नाही.

इमिग्रेशनला परत अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, ज्याच्यावर आत आलो त्याच्यावरच बाहेर. तिथल्या बाईंनी शांतपणे "कॅनडाचा आहे ना?" विचारलं, बघितला, शिक्का मारला, झालं.

न्यू जर्सीला मावशीकडे जाताना तर प्रश्नच नसतो, अमेरिकन नागरिकाला तिथे शिरताना-निघताना अमेरिकन पासपोर्टच लागतो. कॅनडा 2016 पासून विमानाने येणाऱ्या दुहेरी नागरिकांकडे कॅनेडियन पासपोर्ट मागतो, त्यातून अमेरिकन पासपोर्टवाल्यांना सूट आहे म्हणे, पण त्या सुटीच्या भरवशावर रात्री दोन वाजता असल्या काउंटरवर वाद घालायची माझी तरी तयारी नाही.

नवरा म्हणतो दोन्हीकडे नाव सारखं करून टाकू. आता बापाचं नाव एकातून काढायचं का दुसऱ्यात घालायचं यावर घरात एकमत होईना, आणि सासूबाईंना तर मी विचारलेलंच नाही.