झाकणावरची बाहुली कोणाची?

झाकणावर बाहुलीसारखी आकृती असलेली जुनी काचेची पावडरदाणी हाती आली की प्रथम ती उलटी करून तळावर निर्मात्याचे चिन्ह आहे का ते पाहावे, असे सांगितले जाते. मात्र बहुतेक तळ कोरेच असतात. अपवाद अमेरिकेतील अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीचा. वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे मुख्यतः गोट्या बनवणाऱ्या या कारखान्याच्या कित्येक वस्तूंवर इंग्रजी ‘ए’ अक्षरातून उडणारा कावळा दिसतो. घेरदार झग्यातली स्त्री किंवा स्कॉटी (स्कॉटिश टेरियर जातीचा) कुत्रा बसवलेल्या त्यांच्या पावडरदाण्यांची अपारदर्शक, दुधाळ काचही ओळखीची खूण ठरते.

चिन्ह नसेल तेव्हा मी रंगापेक्षा साच्याच्या जोडरेषा, झाकण बसण्याची कड आणि तळाची नक्षी यांवर अधिक भिस्त ठेवतो, कारण तोच रंग अनेक कारखाने वापरत आणि अतिनील प्रकाशात हिरवी चमकणारी युरेनियम काच केवळ घटक सांगते, निर्माता नव्हे. जर्मनीतील वाल्थर किंवा इंग्लंडमधील सॉवरबी या काच कारखान्यांची नावे विक्रेते फार सहज चिकटवतात. जुन्या छापील सूचिपत्रातील चित्राशी आकृती तंतोतंत जुळल्याखेरीज ती नावे स्वीकारू नयेत. शिवाय झाकण आणि डबा मुळात एकमेकांचे आहेत का, हेही तपासावे.